चोवीस तासांचा कॅन

अहो सिस्टर, नीट धरा, झाकण ढिलं आहे. चोवीस तासांची लघवी आहे ती, सांडली तर पुन्हा चोवीस तास कोण बसणार, तुम्ही? काय? गेल्या खेपेपेक्षा निम्मी? मग मी काय करू, आली तेवढी आणली! तुम्ही नव्या दिसता. जुन्या बाई कॅन घ्यायच्या, रक्त घ्यायच्या, गोळ्यांची नवी बाटली द्यायच्या— मी मोकळा. गोळ्या? घेतो की. नव्या औषधाची चाचणी आहे, निम्म्या लोकांना खरं औषध, निम्म्यांना नुसती साखर, हे पहिल्याच दिवशी सांगितलंय मला. माझं खरंच आहे. कसं कळलं? अहो, तहान! दिवसभर तांब्या तोंडाला, नि दर अर्ध्या तासाला शिलाई मशीन सोडून संडासाकडे पळायचं— कसलं मशीन? आहे घरात एक. बसतो कधीमधी.

एक विचारू? या गोळ्यांनी डोळे पिवळे होतात का हो? सहज आपलं. अंगाला खाज, अन्न समोर नको... वाकून काय बघता? माझे पांढरेच आहेत. माझं रक्तही दर महिन्याला चोख येतं— तोच तर घोळ झाला. लघवी दुसऱ्याची भरून आणता येते, रक्त नाही आणता येत.

बघता काय अशा? लेक आहे माझी. लाखात एखाद्या घरात असतो म्हणे हा रोग, तो आमच्या घरात, नि तिला माझ्याकडूनच गेला. बापाने दिलं काय, तर नाक नि हे. दोघं आलो होतो चाचणीत नाव द्यायला. मोठ्या डॉक्टरांनी मला घेतलं; तिला म्हणाले, तुझी मूत्रपिंडं फार खराब झालीत, नियमात बसत नाहीस. बुडणाऱ्याला सोडून काठावरच्याला दोर! मग माझ्या गोळ्या दिल्या मी तिला. सात महिने. नको म्हणत होती, मीच दटावलं— तुला काय कळतं, गिळ मुकाट्याने. कॅनही तीच भरायची. परवापासून अंथरुणाला खिळली, म्हणून आजचा माझा.

तिचं रक्त कुणी बघितलंच नाही गं पोरी. मी तर इथे हात पुढे करून बसायचो दर महिन्याला, शहाण्यासारखा.

फोन ठेव. डॉक्टरांना मग सांग, माझं नाव काढा म्हणावं, काय शिव्या द्यायच्या त्या द्या. रिक्षात घालून आणलीय तिला; बाहेर बाकावर बसलीय, भिंतीला डोकं टेकून. जा, आधी तिचं रक्त घे. कॅन काय कवटाळून उभी आहेस? ओतून टाक तो.