आव्हेर्लाच्या खाली सही कुणाची?

मंगळवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. इटलीतलं तोरिनो शहर, जुन्या मोटारींना दाखले देणाऱ्या मंडळाचं आवार. आवारात आव्हेर्ला नावाची एक करडी मोटार, तिच्या बाजूला इस्त्रीचा कोट घातलेला त्र्याऐंशी वर्षांचा देल्फीनो राक्का, आणि मोटारीच्या नाकाशी उकिडवा बसून फूटपट्टी लावणारा एक इंजिनिअर. आता मला सांगा, ज्या माणसानं ती मोटार कागदावर काढली त्याच्यासमोर तिचं नाक मोजायचं आणि नाक चुकलंय म्हणायचं, याला काय म्हणाल तुम्ही? नाही, सांगाच!

तर तो इंजिनिअर, तोरास्सो त्याचं नाव, वय असेल चौतीस, उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला की हे नाक मूळचं नाही. दिवे चार बोटं खाली आणलेत, कुणीतरी हौशी माणसानं घरच्या घरी ठोकाठोकी केलेली दिसते, दाखला मिळणार नाही. आणि दाखला नाही म्हणजे काय, तर आमच्या शहरात एवढी जुनी मोटार दाखल्याशिवाय रस्त्यावर चाक ठेवू शकत नाही, म्हणजे राक्कानं एकतीस वर्षं सांभाळलेली ती आव्हेर्ला घरी न्यायची, ताडपत्री टाकायची आणि मरेपर्यंत ताडपत्रीवरची धूळ झटकत बसायचं. एवढं सांगून थांबला असता तरी चाललं असतं, पण नाही…

“मूळ रचनाकारानं हे पाहिलं असतं ना, तर त्याला चक्कर आली असती,” तोरास्सो म्हणाला.

“पाहतोय की,” राक्का म्हणाला. “मला काही होत नाहीये.”

“आपण कोण?”

“मूळ रचनाकार.”

तोरास्सोनं हातातली फाईल उघडली, एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मोटारीच्या चित्राशी थांबला, आणि अगदी मऊ आवाजात, दवाखान्यात वेड्या आजोबांशी बोलतात तशा आवाजात विचारलं, “पण आजोबा, चित्राखाली सही कुणाची?”

झालं! तुम्हाला सांगतो, या एका प्रश्नानं त्या माणसाचं अख्खं आयुष्य खाल्लंय. सही कुणाची? सही कोमेंदातोरे ओदेर्दाची. कोमेंदातोरे हा सरकारनं दिलेला किताब, ओदेर्दा हे नाव, आणि हिरवी शाई हा त्याचा दागिना. राक्का एकोणिसाव्या वर्षी त्याच्या कारखान्यात लागला, त्याआधी चॉकलेटच्या डब्यांची झाकणं रंगवायचा, आणि पहिल्याच दिवशी त्याला नियम सांगण्यात आला: चित्र पूर्ण काढायचं, पण खाली उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा मोकळी सोडायची. का? तर संध्याकाळी सहाला कोमेंदातोरे जेवणाच्या आधीच्या व्हेरमूत या मद्याचा ग्लास घेऊन येणार, चित्राकडे बघणार, “हं” म्हणणार आणि त्या मोकळ्या जागेत हिरवी सही ठोकणार. चित्र आठ दिवसांचं, सही आठ सेकंदांची, आणि मासिकांत छापून काय येणार, तर ओदेर्दाची नवी कल्पना, ओदेर्दाचा धाडसी हात. कुठला हात? त्या हातात व्हेरमूतचा ग्लास होता हो!

तेहेतीस वर्षं! तेहेतीस वर्षांत या माणसानं काय काढलं नाही? शर्यतीच्या मोटारी काढल्या, रुग्णवाहिका काढल्या, आइस्क्रीम विकायच्या गाड्या काढल्या, एका ट्रॅक्टरचं तोंड काढलं, आणि एक शवगाडी काढली, काळी, लांब, पाठीमागे हलकासा उतार असलेली, इतकी देखणी की लोक तिच्याकडे वळून बघायचे आणि मग आठवण होऊन टोपी काढायचे. एकोणऐंशी साली कोमेंदातोरे गेले ते त्याच गाडीतून. राक्का मागून चालत होता. मागच्या काचेखाली पितळी पट्टी, पट्टीवर सही कुणाची? आतल्या माणसाची! स्वतःच्या अंत्ययात्रेवरसुद्धा सही करून गेला तो गृहस्थ.

आणि सवय कशी लागते बघा. राक्काचं लग्न झालं, चर्चमध्ये नोंदवहीत सही करायची वेळ आली, तर यानं पेन पाद्रीबाबांच्या हातात दिलं आणि बाजूला उभा राहिला. योलांदाबाई आजही सांगतात, “मला तेव्हाच कळायला हवं होतं. हा माणूस लग्नसुद्धा दुसऱ्याच्या नावावर करून मोकळा झाला असता.”

आता नाकाचं. चौसष्ट साली आव्हेर्ला काढली तेव्हा राक्कानं दिवे खाली ठेवले होते, अगदी खाली, झोपेतून उठलेल्या मांजराच्या डोळ्यांसारखे. पहिली मोटार तशीच बनली. मग कुठल्याशा देशातून निरोप आला की आमच्याकडच्या कायद्यात दिवे इतके खाली चालत नाहीत. झालं, कोमेंदातोरे म्हणाले चढवा वर. राक्का दोन रात्री जेवला नाही, पण चढवले. दुसरं चित्र काढलं, त्यावर हिरवी सही झाली, आणि त्यावरून अकराशे मोटारी निघाल्या, सगळ्या डोळे वटारलेल्या. पहिल्या चित्रावर सही व्हायची राहूनच गेली. पहिली मोटार कारखान्याच्या मागं पडून राहिली, आणि अठ्ठ्याऐंशीत कारखाना बंद पडला तेव्हा भंगारवाला न्यायच्या आत राक्कानं ती ढकलत घरी आणली. म्हणजे अकराशे चुका खऱ्या, आणि ज्याच्यावरून त्या चुकल्या ते एकमेव खरं… ते नकली! बसतंय का डोक्यात? माझ्या तरी बसत नाही.

राक्काबरोबर जेपू आला होता. जेपू म्हणजे पत्रा ठोकणारा, वय सत्त्याऐंशी, लाकडी साच्यावर पत्रा ठेवून हातोडीनं हे नाक ज्यानं घडवलं तोच. तो इतका वेळ मोटारीला टेकून उभा होता. तो म्हणाला, “देल्फीनो, नाक तुझं चुकलंय म्हणे. काप आता.” मग तोरास्सोकडे वळून त्यानं सांगितलं की डाव्या दिव्याची कड उजवीपेक्षा केसभर जाड आहे, कारण त्या दिवशी त्याचं बायकोशी भांडण झालं होतं आणि हात जड पडला होता, बोट फिरवून बघा. तोरास्सोनं बोट फिरवलं. कड जाड होती. तरी साहेब म्हणाले की भांडणाची नोंद कुठं आहे?

मग राक्कानं बरोबर आणलेलं, चित्र ठेवायचं नळकांडं उघडलं. पहिलं चित्र, चौसष्टचं, पिवळं पडलेलं, दिवे खाली. मोटारीच्या टपावर पसरलं. मोटार आणि चित्र, एक रेघ इकडची तिकडे नाही. आवारातले दुसरे दोघे-तिघे मोटारवाले जवळ आले, एकानं हळूच शीळ घातली. तोरास्सो बराच वेळ बघत राहिला, अगदी वाकून, आणि क्षणभर वाटलं की या पोराला दिसलं. पण त्याची नजर घसरत घसरत गेली उजव्या कोपऱ्यात. कोपरा मोकळा.

“यावर सहीच नाही,” तो म्हणाला. “असा कागद कुणीही आणेल.”

“मग आता करतो,” राक्का म्हणाला, आणि त्यानं पेन काढलं.

“आता केलीत तर ती बनावट ठरेल.”

“माझी सही? माझ्याच चित्रावर?”

“आजची सही, चौसष्टच्या कागदावर. नियम असा आहे, आजोबा, मी काय करू?”

राक्काचा हात त्या कोपऱ्यावर थांबला. आयुष्यभर ज्या जागेत त्यानं पेन टेकवलं नाही ती जागा, तळहाताएवढी. आणि मग त्यानं सही केली. दे. राक्का. इतकी बारीक, की वर्गात गुरुजींच्या नजरेआड लिहावी तशी.

जेपू म्हणाला, “मोठी कर की जरा.”

संपलं असं वाटलं ना तुम्हाला? तुम्हाला मंडळ माहीत नाही! तोरास्सो आत गेला, शिक्का घेऊन बाहेर आला, आणि ऐतिहासिक कागदावर खाडाखोड केली म्हणून चित्र जप्त. पावती दिली. पावतीवर लिहिलंय: मोटारीचं चित्र, एक नग, रचनाकार अज्ञात, सही बनावट. तुम्हाला सांगतो, मी राक्काचा शेजारी, चाळीस वर्षं सरकारी कागद वाचतोय, पण समोर उभ्या असलेल्या माणसाला लेखी अज्ञात ठरवणारा कागद मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मोटार दोरीनं ओढत घरी नेली. योलांदाबाईंनी ताडपत्री धरली, राक्कानं दुसरं टोक.

या गोष्टीला चौदा महिने झाले. राक्कानं तीन अर्ज केले, मी चार पत्रं पाठवली. शेवटी मंडळाचं उत्तर आलं, दोन ओळींचं, अगदी सभ्य भाषेत. जप्त झालेलं चित्र फक्त मूळ रचनाकाराला किंवा त्याचं लेखी संमतीपत्र आणणाऱ्यालाच परत देता येईल, आणि मंडळाच्या नोंदीप्रमाणे मूळ रचनाकार आहेत कोमेंदातोरे ओदेर्दा. राक्कानं पत्र वाचलं, घडी केली, आणि मला शांतपणे विचारलं, हिरवी शाईच लागेल का?

कोमेंदातोरेंना मूलबाळ नव्हतं, आणि त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली. त्यांची सही आणायची कुठून, हे मंडळातल्या कुणीही अजून सांगितलेलं नाही.