‘काही म्हणणे नाही’ असे नोंदवण्यात आले

आजच्या सभेच्या अध्यक्षा आणि आमच्या महाविद्यालयाच्या प्राचार्या, कामाच्या गर्दीतून वाट काढून आलेले विधी विभागाचे सचिव महोदय, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते आमचे सर, सरांच्या शेजारी बसलेल्या काकू, माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, आणि सकाळपासून या खुर्च्या मांडणारे आमच्या राज्यशास्त्र विभागाचे शिपाई, ज्यांना आपण सगळे मामा म्हणतो, सर्वांना माझा नमस्कार.

निरोपाच्या प्रसंगी चांगलं बोलायचं असतं. मीही चांगलंच बोलणार आहे. पण मला राग आलेला आहे, आणि रागात चांगलं बोलायची मला सवय नाही. तेव्हा मध्ये कुठे आवाज चढला तर सांभाळून घ्या.

सरांची मी विद्यार्थिनी. परीक्षेत मी पुरवण्या मागत राहायची म्हणून सरांनी माझं नाव ‘पुरवणी’ ठेवलं. आज मी त्यांच्याच विभागात शिकवते, केसांत पांढरं आलंय, तरी व्हरांड्यातून हाक येते, ‘पुरवणी, चहा घेतलास का?’ चहा कधी एकट्याने न पिणारा माणूस आहे हा. ग्रंथालयातली सरांची खुर्ची खिडकीपाशी असे, आणि उन्हाळ्यात ती ते आल्यागेल्या विद्यार्थ्याला देऊन टाकत. आम्हाला काय येतं, यापेक्षा आम्हाला काय खटकतं हे ते विचारायचे. असे शिक्षक नशिबाने मिळतात. हे मी उपचार म्हणून बोलत नाही.

पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला सर विचारायचे, टोळी आणि राज्य यात फरक काय? कुणी म्हणायचं, राज्याला झेंडा असतो. सर म्हणायचे, शिंपी टोळीलाही शिवून देईल. राज्य कर घेतं. टोळी हप्ता घेते, आणि वसुली जास्त चोख करते. राज्य रक्षण करतं. टोळीही करते, गल्लीत विचारून या. राज्याला नियम असतात. टोळीला तर फारच कडक असतात. असं करत आमची सगळ्यांची उत्तरं संपली, की खडू खाली ठेवून सर सांगायचे, ‘ज्याला शिक्षा करायची त्याचं आधी ऐकून घ्यायला जी बांधलेली असते, ती टोळी राज्य होते. ते ऐकणं काढून घ्या. मग उरतो नुसता गणवेश.’

टाळ्या थांबवा जरा. पुढचं ऐका, मग ठरवा.

सचिव महोदयांनी आत्ता ज्या सुधारणेचं कौतुक केलं, ती सर अध्यक्ष असलेल्या सरकारी समितीची. मला तिच्याबद्दल प्रामाणिकपणे बोलायचं आहे, म्हणून आधी तिची बाजू मांडते. पूर्वी कच्च्या कैद्याला तुरुंगातून न्यायालयात आणायचं तर गाडी लागायची, सोबत पोलीस लागायचे. गाडी असली तर पोलीस नसत, पोलीस असले तर गाडी गॅरेजमध्ये. मग तारीख पडायची. माणूस आत, कारण गाडी बंद. सर या गोष्टीने वर्षानुवर्षं जळत होते, हे मी पाहिलेलं आहे. त्यांनी सुचवलं, कैद्याला पडद्यावर हजर करा. तुरुंगात एक खोली, न्यायालयात एक पडदा. ते झालं. गाडीची अडचण संपली. पुष्कळ लोक लवकर सुटले. हे खरं आहे, आणि कुणी नाकारलं तर मी त्याच्याशी भांडेन.

पण तुरुंगातल्या त्या खोलीत बाकावर ओळीने बरेच जण बसवतात. सगळे बोलले तर गलका होतो. म्हणून समितीने कार्यपद्धतीत लिहिलं, की तिकडचा माइक एरवी बंद राहील, न्यायाधीशांनी विचारल्यावर न्यायालयातला कारकून तो चालू करील, आणि आरोपी काही बोलला नाही तर ‘काही म्हणणे नाही’ अशी नोंद करून पुढे जावं. वाचायला किती सरळ वाटतं. मीही मसुदा वाचला होता. मलाही सरळ वाटलं होतं.

आता मामांच्या जावयाची गोष्ट. तो प्लंबर आहे. आपल्या वसतिगृहाची टाकी त्यानेच बसवली. एका नव्या इमारतीतून पितळी नळ आणि पाइप चोरीला गेले, आणि तिथल्या ठेकेदाराने याचं नाव दिलं. दोघांचं मजुरीवरून आधी वाजलं होतं, तेव्हा नाव तोंडाशीच असणार. पोलिसांनी उचललं. जामिनाच्या अर्जाच्या दिवशी मामा, मामांची मुलगी आणि मी, असे आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो. सरकारकडून मिळालेले वकील त्याच वेळी शेजारच्या दालनात दुसऱ्या प्रकरणात उभे होते. ते म्हणाले होते, सुरू झालं की बोलवा. सुरू झालं आणि मामा बोलवायला धावले. तोवर पडद्यावर जावई आला.

न्यायाधीशांनी विचारलं, ‘आरोपीला काही सांगायचं आहे का?’

आणि तो बोलायला लागला. हातवारे करून, समजावून, छान बोलत होता. आम्हाला त्याचे ओठ दिसत होते. आवाज येत नव्हता. कारकून पुढच्या प्रकरणाचे कागद लावत होता. त्याचा हात माइकच्या बटणाकडे गेलाच नाही. न्यायाधीश मान खाली घालून लिहीत होते. मामांची मुलगी उठून म्हणाली, ‘साहेब, ते बोलतायत.’ दाराशी उभ्या हवालदाराने तिला बसवलं. म्हणाला, ‘बाई, इथे शांतता ठेवायची असते.’ ती म्हणाली, ‘अहो, शांतता तर तिकडेच जास्त झालीय.’ त्याने तिला बाहेर काढलं.

नोंद झाली, आरोपीचे काही म्हणणे नाही. जामीन नाकारला. वकील धापा टाकत आले तेव्हा पडद्यावर दुसराच माणूस बसला होता.

तो काय सांगत होता, हे मुलीला नंतर भेटीच्या वेळी कळलं. तो सांगत होता, ‘साहेब, ज्या दिवशी चोरी झाली म्हणतात, त्या दिवशी मी तुमच्याच कोर्टाच्या इमारतीत होतो. तुमच्या वरच्या मजल्यावरचं स्वच्छतागृह तुंबलं होतं. दिवसभर मी तेच काढत होतो. तुमच्या शिपायालाच विचारा.’

हसू येतंय ना? मलाही आलं होतं. आणि मग त्या हसण्याचीच लाज वाटली, कारण माणूस अजून आत आहे.

हे सगळं लिहून आम्ही पुन्हा अर्ज केला. उत्तर आलं, की आरोपीला संधी दिली होती, त्याने ती घेतली नाही, सगळं कार्यपद्धतीप्रमाणे झालं आहे. आता प्रकरण वरच्या न्यायालयात आहे. येत्या गुरुवारी तिथे एवढंच ठरायचं आहे, की बंद माइकमुळे आवाज न येण्याला ‘काही म्हणणे नाही’ म्हणायचं का. वकील म्हणाले, ज्यांनी हे वाक्य लिहिलं त्यांनी येऊन सांगावं की आमच्या मनात हे नव्हतं, मग बाजू भक्कम होईल. नाहीतर वाक्य जसं आहे तसंच वाचलं जाईल, आणि खटला उभा राहीपर्यंत हा आतच राहील.

म्हणून मी सरांच्या खोलीत गेले. हे सगळं खासगीत झालेलं बोलणं आहे. ते इथे सांगणं योग्य की अयोग्य, यावर मी रोजनिशीत बरंच लिहिलं आणि बरंच खोडलं. शेवटी ठरवलं, सांगायचं, पण एकही शब्द वाढवायचा नाही.

सर म्हणाले, ‘पुरवणी, एका प्रकरणावरून पद्धतीची परीक्षा करायची नसते.’

मी म्हटलं, ‘सर, एकाच प्रकरणात मी हजर होते. बाकीच्यांत कोण हजर होतं?’

सर म्हणाले, ‘मी एकदा साक्षीला उभा राहिलो, तर उद्या प्रत्येक वकील मला बोलावील. समितीची प्रतिष्ठा आहे. सुधारणा अजून कोवळी आहे. तिच्या विरोधकांच्या हाती कोलीत द्यायचं?’

तेवढ्यात मामा चहा घेऊन आत आले. सर उठले, मामांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मनापासून म्हणाले, ‘मामा, धीर धरा. व्यवस्था आपलं काम करते आहे.’

मामा म्हणाले, ‘हो सर.’

बाहेर व्हरांड्यात ते माझ्यापाशी थांबले. ‘ताई, व्यवस्था काम करतेय म्हणे. चांगलंय. मुलीच्या घरात तेवढी एकटीच कामाला आहे सध्या.’

तेव्हापासून मला राग आहे. आणि मी माझ्या रागावर लगेच विश्वास ठेवत नाही, म्हणून मी त्याची उलटतपासणी घेतली. समितीवर माझं नाव सुचवलं गेलं होतं आणि नंतर गळलं. ते मला लागलं होतं. मग हा राग न्यायाचा, की गळलेल्या नावाचा? थोडा त्याचाही असेल. तो वजा केला. उरला तो पुष्कळ होता.

कारण सर, राज्यशास्त्र आपण शिकवतो ते कशासाठी? सचिव महोदय, तुमच्या भाषणात ‘निकाली’ हा शब्द फार वेळा आला. इतकी प्रकरणं निकाली, तितकी निकाली. मला विचारायचं आहे, जावयाचा अर्ज त्यात कुठे बसला? निकालीमध्येच ना? तोही तुमच्या यशातच बसला. न्याय झाला की नाही हे मोजता येत नाही, म्हणून आपण वेग मोजायला लागलो, आणि मोजता मोजता वेगालाच न्याय म्हणायला लागलो. सुधारणा कुणाची करायची होती? राज्याची. राज्याला ऐकायला त्रास होत होता. आपण काय केलं? त्याचा कान बरा करायचा सोडून बोलणाऱ्याचा आवाज बंद करायची सोय लावली, आणि तिला कार्यक्षमता हे नाव दिलं.

यात दुष्ट कोणी नाही, आणि तेच मला सगळ्यात जास्त बोचतं. कारकून दुष्ट नाही, त्याच्यापुढे ढीगभर कागद असतात. न्यायाधीश दुष्ट नाहीत. हवालदाराने तर नंतर बाहेर येऊन मुलीला पाणी दिलं. सर तर मला वडिलांसारखे. सगळी भली माणसं मिळून एका माणसाचं तोंड दाबतात आणि कुणाचाच हात दिसत नाही. जुलमी राज्याशी भांडता तरी येतं. त्याला चेहरा असतो. या भल्या राज्याचा मी कुठला दंड धरू?

अध्यक्षबाई, घंटा ऐकली मी. दोन मिनिटं द्या.

सर, तुम्ही म्हणालात की सुधारणा कोवळी आहे. मला वाटतं, जी सुधारणा आपली एक चूक कबूल करताना मोडते, ती मोडू द्यावी. आणि मला खात्री आहे की तुमची मोडणार नाही. एक वाक्य बदलेल. माइक चालू आहे याची खात्री करा, कैद्याला विचारा ‘माझा आवाज येतो का’, आणि त्याने हो म्हटल्यावरच पुढचं विचारा. एवढंच. याने कोणाची प्रतिष्ठा जाते? गेली तर जाऊ दे. आतला माणूस बाहेर येण्यापेक्षा समितीची प्रतिष्ठा मोठी असेल, तर मग तुम्ही आम्हाला शिकवलं ते सगळं परत घ्या. मी वर्गात ते तुमच्या नावावर सांगते. पुढच्या महिन्यापासून नव्या मुलांना काय सांगू?

हे इथे बोलण्याआधी मी मामांची आणि त्यांच्या मुलीची परवानगी घेतली. मामा म्हणाले, ‘सरांचा दिवस आहे ताई, राहू द्या.’ मुलगी म्हणाली, ‘सांगा. पण कुणाला रडवू नका. रडले की लोकांना वाटतं, आपलं काम झालं.’ ती आज आलेली नाही. आज भेटीचा दिवस आहे, ती तुरुंगाच्या दाराशी उभी असेल.

काकू, तुमच्या आनंदाच्या दिवशी मी विरजण घातलं, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. अध्यक्षबाई, तुम्ही मला बोलायला उभं केलंत आणि पश्चात्ताप होत असूनही खाली बसवलं नाहीत, तुमचे आभार. सचिव महोदय, तुम्ही घड्याळाकडे न पाहता ऐकलंत, तुमचेही. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाला उगाच टोचलं असेल, तर ते माझ्या पदरात घाला आणि मला क्षमा करा. मात्र ही गोष्ट इथे सांगितली याबद्दल मी क्षमा मागत नाही.

सर, गुरुवारी अकराला सुनावणी आहे. मी रजा टाकली आहे. दहाच्या आत गाडी घेऊन मी आणि मामा तुमच्या दाराशी येऊ. तुम्ही खाली उतरलात, तर मागची सीट मोकळी ठेवलेली आहे. नाही उतरलात, तर आम्ही तुम्हाला वर येऊन त्रास देणार नाही. वकिलांनी मला विचारून ठेवलं आहे, की मसुदा वाचलेली, या विषयाची शिक्षिका म्हणून मी उभी राहीन का. मी हो म्हटलं आहे. तिथे मला पहिला प्रश्न येईल, हे सगळं तुम्ही कुणाकडून शिकलात? मी तुमचं नाव सांगेन. आणि दुसरा प्रश्न येईल, मग ते स्वतः का आले नाहीत?

त्याचं उत्तर मला अजून तयार करता आलेलं नाही. तुमच्याकडे गुरुवारपर्यंत वेळ आहे.

नमस्कार.