वांगी कुणाच्या हातची

—तो फोटोतला मीच. मिशा काढल्यात, एवढंच. बरणी धरून दात काढतोय ना, तो शवकी म्हणजे मी. कुठं मिळालं हो हे मासिक? हॉटेलात, टेबलावर? बघा! अलेक्झांड्रियात उतरायचं, मासिक उघडायचं आणि पत्ता विचारत माझ्या दारात यायचं — आज तुम्ही सहावे. आणि सगळ्यांना तीच वांगी हवीत, लसूण-मिरची भरून व्हिनेगरमध्ये मुरवलेली. ही घ्या, खा. लगदा झालाय, ठाऊक आहे मला. मुदम्मस, ही आमची बाकल्याची उसळ, बरी शिजलीय, तिच्याबरोबर गिळा.

फोटोतली? ती संपली. अठरा दिवस झाले. म्हणजे — ती माझ्या हातची नव्हतीच. छापलंय तसं, हो. त्या मासिकाच्या मुलीनं विचारलं, वांगी कोण भरतं? आता दुकानात चार पुरुष जेवताहेत, त्यांच्यादेखत बायकोचं नाव घ्यायचं? कुणी घेतं का इथं? माझ्या बापानं जन्मात घेतलं नाही, 'आमची मंडळी' म्हणायचा, बस्स. म्हणून मी म्हणालो, मीच भरतो. रीत म्हणून, उस्ताद. निव्वळ रीत म्हणून.

तिनं वाचलं ते. इथंच, तुम्ही बसलात त्या खुर्चीवर. दुपारपर्यंत भजी तळली, मग सगळ्या बरण्या धुतल्या, उपड्या घातल्या आणि रशीद गावाला भावाकडं निघाली. दारात एवढंच म्हणाली, "नाव नसतं घेतलंत तरी चाललं असतं. बावीस वर्षं चाललंच की. पण 'मी' कशाला म्हणालात?" 'मंडळी' म्हणता आलं असतं — जिभेवर होतं माझ्या. पण ती मुलगी फोटो काढत होती, म्हणाली, तुमच्या हाताला काय चव आहे हो — आणि मला बरं वाटलं. झालं! हे अजून कुणाला सांगितलं नव्हतं. बरं वाटलं मला.

फोन उचलत नाही. दोनदा जाऊन आलो, भाऊ दार उघडत नाही. घरात व्हिनेगरचा वाससुद्धा राहिला नाही, उस्ताद, मी तो हुंगत फिरतो वेड्यासारखा. तुम्ही दुपारी रशीदला चाललात ना, मघाशी म्हणालात? परक्या पाहुण्याला ते दार उघडतील. माझा हा अंक न्या. 'शवकीच्या हातची' हे मी खोडलंय, खाली लिहिलंय, वाचा — 'ही वांगी आमच्या मंडळींच्या हातची.' पत्ता मागच्या पानावर आहे. एवढं करा, पाया पडतो.

काय? दारात कुणाला हाक मारायची? अहो, नुसतं म्हणा, शवकीची मंडळी — हो, नाव नाही लिहिलं. कळेल तिला. कळेल ना? असं बघू नका माझ्याकडं. हळू बोला, मागं शिंपी बसलाय, ते दोघं कोळी बसलेत, रोजची माणसं आहेत ही, उद्यापासून माझ्या तोंडावर —

वहीबा.

वहीबाला हाक मारा. वहीबाच्या हातची वांगी. वहीबाच भरायची, मी नुसता बरणी धरून उभा होतो.

काय बघताय रे सगळे? जेवा मुकाट्यानं.