फिद्दाच्या तंबूची पट्टी

हॅलो?… कोण? मुसल्लम? मोठ्यानं बोल रे, वाऱ्यात काही कळत नाही… हो, मावशीच बोलतेय. तुझी आई निघाली का मआनच्या दवाखान्यातून?… बरं. मग तंबू उभा झाला?… फाटला? फाटला म्हणजे?

थांब, थांब. छताला कुठली पट्टी शिवलीस?… लाल-काळी! अरे, लाल-काळ्या तर सगळ्याच आहेत. आपल्या शमाचं लग्न झालं त्या वर्षी मी न् तुझ्या आईनं मिळून विणलेली ती. वीतभर रुंद. टोकांना लाकडी आकडे, दोर बांधायला… नाहीत?… गोंडे? या अल्ला, ती उंटाच्या पोटाखालून आवळायची!

दुसरी बघ… दोन बोटं रुंद? अरे, ती तुझीच. तान्हा होतास तेव्हा तुझी आई फिद्दा तुला तिनं गुंडाळून ठेवायची. तिच्यावर तंबू तोलतोस होय?… हसतोस काय! आणखी कुठली?… नाही, ती पखालीची, खांद्याला अडकवायची…

मग रुंद गेली कुठं?… पिकअपवर? गाद्या बांधल्यात तिनं? सोड, सोड आधी!

हां. आता छताच्या खालून शीव… खालून रे, आतून. नक्षी वर नको… अरे, वरून कोण बघणार, घारी? आईला आडवं पडून बघायची आहे ती. महिनाभर एवढंच मागतेय बिचारी, की मला आपल्या तंबूत निजवा… आणि ताण पट्टीवर येऊ दे, कापडावर नको… नाही रे, रागावले नाही. सिमेंटच्या घरात जन्मलात, तुम्ही तरी काय करणार.

काय?… गाडी दिसतेय? एवढ्यात? मग थोपव तिला. गाडीत तुझी बहीण तूरफा आहे ना, तिला म्हणावं, आईला तिथंच चहा पाज, तंबू होईपर्यंत… हॅलो? आलीच गाडी?… कोण रडतंय?… तूरफा? दे तिला फोन.

तूरफा, अगं होतोय तंबू… अगं ऐक ना… काय?… कुठल्या वळणावर?… सकाळी तर बोलली माझ्याशी… खजूर मागितला म्हणालीस ना?…

हो… हो. ऐकतेय… नाही, घरात नको. मुसल्लमला सांग, शिवणं थांबवू नको म्हणावं. तंबूतच घ्या तिला… येते मी. ठेव आता.

…ऐकलंत का रे? गाडी काढा. माझी बहीण फिद्दा गेली. आज दुपारी, असरच्या अजानीआधी, घरी येताना वाटेत.