एफीबाईचं तिसरं कडवं

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभी आहे. ज्याचा देवावर विश्वास उरलेला नाही, त्यानं देवाचं गाणं म्हटलं – तर तो खोटं बोलला का? पहिल्या रांगेतल्या काकूंनी मान डोलावलीसुद्धा! थांबा काकू! निकाल मागून द्या, आधी गोष्ट ऐका.

गोष्ट लांबची, अमेरिकेतल्या एका डोंगराळ खेड्याची. तिथल्या खेडुतांच्या गाण्याला कंट्री म्युझिक म्हणतात. हातात गिटार, डोक्यावर टोपी, आणि गाण्यात काय? दारू, मालगाडी, मोडलेलं लग्न! पण मरणाचा विषय निघाला की हीच माणसं देवापाशी येऊन बसतात. रीत ठरलेली. पहिल्या कडव्यात आई लेकराला जोजवते. दुसऱ्यात लेक घर सोडतो. आणि तिसऱ्यात? आई मरते! नदीपलीकडे कंदील घेऊन उभी राहते. आई मेल्याशिवाय गाणं संपतच नाही हो!

हॉलिस नावाच्या गायकानं असंच गाणं रचलं. रेडिओवर लागलं, घरोघरी लोक रडले. अडचण एकच – त्याची आई, एफीबाई, ठणठणीत! परसात घेवडा तोडत होती! सांत्वनाची पत्रं आली, तीही तिनंच फोडून वाचली. किराणा दुकानदार एझ्रा चिडवायचा, "एफी, अगं तू अजून इथेच?"

"शनिवारी रेडिओवर मरते," ती म्हणायची, "सोमवारी धुणं धुते. साबण दे!"

हसलात? आता पुढचं ऐका. हॉलिस सोळा वर्षांचा असताना त्याचा बाप कोळशाच्या खाणीत गाडला गेला. तीन दिवस हा खाणीच्या तोंडाशी गुडघे टेकून होता. चौथ्या दिवशी बापाचं प्रेत वर आलं, आणि त्या दिवसापासून ह्यानं प्रार्थना केली नाही. नदी, कंदील – सगळं रचलं ते लोकांना आवडतं म्हणून. तीस वर्षं गायला. दर वेळी मनात एकच – मी लबाड आहे.

एफीबाई एक्क्याऐंशी वर्षांची झाली. पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काही आठवडे. घरी आल्यावर ती हॉलिसला म्हणाली, "येत्या रविवारी चर्चमध्ये माझं गाणं म्हण."

"आई, ते गाणं… आता?"

"मग कधी? मी गेल्यावर सगळं गाव ऐकणार, आणि जिचं गाणं तीच तेवढी ऐकणार नाही!"

हॉलिस खाली मान घालून म्हणाला, "आई, मला नाही जमणार. तुझ्या तोंडावर खोटं नाही गाता येणार. नदीपलीकडे कुणी असतं, असं मला वाटत नाही. बाबा गेले तेव्हापासून नाही."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"तिसऱ्या कडव्याला तू डोळे मिटतोस. लोकांना वाटतं भक्ती. आई आहे रे मी तुझी!" एवढं बोलून ती उठली. "रविवारी, अकरा वाजता. शर्टाला इस्त्री कर."

त्या चर्चची एक पद्धत होती. पूर्वी फार थोड्यांना वाचता यायचं, म्हणून पुढे उभा असलेला एकजण ओळ सांगायचा आणि सगळे ती उचलायचे. आपले टाळकरी उचलतात ना, तस्संच!

रविवार आला. एफीबाई पुढच्या बाकावर, अंगात निळा कोट, तो आता दोन बोटं सैल. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला हॉलिसनं तोंड उघडलं – आणि आवाज नाही! शास्त्र सांगतं, गळ्याचे स्नायू आवळतात, श्वास जातो पण नाद उमटत नाही. इतकंच. पण मंडळी, समोर आई बसलेली असताना ते 'इतकंच' केवढं मोठं होतं!

तेवढ्यात मागून एझ्राचा आवाज आला. घोगरा, बेसूर! त्यानं ओळ उचलली – "नदीपलीकडे दिवा दिसे, आई उभी ग तिथे." त्याच्या शेजारच्या विधवेनं उचलली. मग सगळ्यांनी. तीस वर्षं त्या कडव्यात जो तो आपापलं माणूस उभं करत आला होता – कुणाची आई, कुणाचं तान्हं मूल. हॉलिसला हे त्या क्षणी कळलं. आणि सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा होता, सांगू? एफीबाईचा! स्वतःच्या मरणाचं कडवं ती लेकाकडे बघत खणखणीत म्हणत होती.

बाहेर पडताना त्याचा हात धरून म्हणाली, "पाहिलंस? तू थांबलास. गाणं थांबलं?"

एकोणीस दिवसांनी ती गेली.

पुढे हॉलिसचा विश्वास बसला का? खरं सांगते – नाही. पण गावात मयत झाली की तो न बोलावता जायचा. ज्या घराचा आवाज बसला असेल, तिथली ओळ उचलायचा. लबाड हा शब्द मात्र पुन्हा मनात आणला नाही.

काकू, आता द्या निकाल!

आणि तुम्ही सगळे. शेजारी कुणी गेलं की दारापासून परत फिरता. "आम्हाला अभंग येत नाहीत, आमची कसली श्रद्धा!" अहो, तुमची श्रद्धा मोजायला कोण बसलंय? आत एक बाई बसली आहे, तिची ओळ अर्ध्यावर तुटली आहे. चपला काढा, आत जा!

आता नामाचा गजर. मी पहिली ओळ सांगणार आणि गप्प राहणार. बघू, कोण उचलतं!