कोरं कार्ड

(सकाळ. सासऱ्यांच्या टेबलावर इंग्रजी-मराठी कोशाची कार्डं, बहुतेकांना सुतळीचा एकेक तुकडा टाचलेला. सून नुकतीच बाहेरून आली आहे.)

सून : वाटेतच छापखान्याचा फोन आला, बाबा. सगळा कोश तयार आहे, तुमची एवढी पानं अडलीत म्हणे.

सासरे : अगं, घाई कसली? 'ट्विस्ट' म्हणजे पीळ देणे, झालं. 'वीव्ह', विणणे. 'प्लॅट', वेणी घालणे. पण 'एन्ट्वाइन', ते एकमेकांभोवती गुंडाळणं, काही मनासारखं उतरत नाही.

सून : गेल्या आठवड्यात उतरलं होतं की. वाचूनही दाखवलंत.

सासरे : नंतर बिघडलं.

सून : शब्द काय दूध आहे नासायला?

सासरे : हसू नकोस. तुझ्या सासूबाई होत्या तेव्हा सोपं होतं. मी शब्द सांगायचा, तिनं सुतळी घेऊन करून दाखवायचं, मग मी लिहायचं. माझी बोटं म्हणजे नुसते ओंडके.

सून : आई जाऊन वर्ष होत आलं, बाबा.

सासरे : तरी नमुने येतात ना? संध्याकाळी कोरं कार्ड ठेवतो, सकाळी सुतळी टाचलेली. कार्डं संपली की उठायचं तरी कशासाठी?

सून : रागावणार नसाल तर सांगते. ते मी करते. तुम्ही जेवत नव्हता, म्हणून एकदा केलं. मग थांबवता येईना.

सासरे : ठाऊक आहे.

सून : ठाऊक आहे?

सासरे : ती डावखुरी. तिचे पेड डावीकडे वळायचे, तुझे उजवीकडे. पहिली वेणी पाहूनच कळलं. म्हटलं, पोर मायेनं करतेय, कशाला मोडता घालायचा?

सून : आणि मी मेली चोरासारखी पावलं वाजू न देता फिरत होते!

सासरे : आज सकाळचं हे मात्र फार सुरेख केलंस. 'स्प्लाइस'. दोन दोरांची टोकं उकलून पेड एकमेकांत गुंफायचे, गाठ न मारता जोडायचे.

सून : हे मला येत नाही.

सासरे : पुस्तकात बघितलं असशील.

सून : बाबा, मी दोन दिवस माहेरी होते. पिशवी अजून दारातच आहे.

सासरे : घरात तर मी एकटाच होतो.

सून : बघू इकडे.

सासरे : पेड कुणीकडे वळलेत?

सून : डावीकडे.

सासरे : बस जरा.

सून : किती शब्द राहिलेत, बाबा?

सासरे : हा एवढाच. 'एन्ट्वाइन' आधीचंच ठेवतो, हा आत्ता लिहून टाकतो. छापखान्याला कळव.

सून : नको. आज नका लिहू.