साहेबही सोमवारीच लागले

बावीस वर्षं नोकरी केलेली बाई कंपनीत या सोमवारी लागली, असं होऊ शकतं का, सांगा बरं?

आमच्या कुकटपल्लीच्या औषध कंपनीत मी कर्मचाऱ्यांच्या नोंदी सांभाळते. त्या सगळ्या जुन्या मशीनवरून दोन वेगवेगळ्या क्लाउडवर हलवल्या. पुण्याचा इंजिनिअर निखिल म्हणाला, "काकू, सगळं नीट आलंय अशी सही करा. मग जुनं मशीन पुसून टाकतो."

"आधी यादम्माचं पान दाखव."

पॅकिंगमधली यादम्मा महिनाअखेर निवृत्त होणार होती. तिचं पेन्शन त्या नोंदीवरच ठरणार होतं. पान उघडलं, तर रुजू तारीख सोमवारची! नोंदी हलवल्या तो दिवस. पुढची पानं पाहिली, तर सगळेच सोमवारी लागलेले.

"नंतर दुरुस्त करू, काकू."

"मशीन पुसल्यावर कशावरून करशील?"

तेवढ्यात मोठे साहेब आले. "मॅडम, दोन-दोन क्लाउड आहेत. तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"मी दहावी शिकलेय, साहेब. क्लाउड कळत नाही, तारीख कळते. तुमची बघू?"

साहेबही सोमवारीच लागले होते.

पेन्शनचं विचारायला येऊन दारात उभी असलेली यादम्मा म्हणाली, "साब, आप और मैं एकीच दिन लगे क्या?"

साहेब काही बोलायच्या आत मी मशीनच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. सही केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप मीच उघडलं, आणि निखिलने जुन्या मशीनवर बघून पहिली तारीख यादम्माची भरली.